जुन्या रहस्यकथेतून आपली कादंबरी: ठाण्यात बसून लिहिणाऱ्या नवलेखकासाठी

माझ्या पहिल्या रहस्यकादंबरीचा पहिला खर्डा लोणावळ्याच्या एका बंगल्यात घडत होता. आठ पाहुणे, धो धो पाऊस, तुटलेली फोनची तार आणि जेवणाची वर्दी देणारा म्हातारा नोकर. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. चाळीसएक वर्षं रहस्यकथाच वाचत आल्यात. त्यांना मी वही दिली. दोन दिवसांनी त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, हे आठ जण जेवायला बसतात, पण त्यांना वाढतं कोण? स्वयंपाक कुणी केला?" माझ्या बंगल्याला स्वयंपाकघरच नव्हतं. इंग्रजी पुस्तकातलं दिवाणखान्याचं सामान मी उचलून आणलं होतं आणि ते घर चालतं कसं, हे बघितलंच नव्हतं.

त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने मांडते. अभिजात रहस्यकथा आपल्याला खून देत नाही, बंगला देत नाही, टोपी घातलेला गुप्तहेरही देत नाही. ती लपवण्याची रीत देते. माणसं, घर आणि हाव आपण आपल्या गावातून आणायची असते.

पायरी १: एकच पुस्तक, तीनदा

ज्यातला गुन्हेगार तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं पुस्तक निवडा. पहिलं वाचन तर होऊन गेलेलंच आहे. दुसऱ्या वाचनाला शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करा. उलगड्यात जे जे पुरावे सांगितलेत त्यांची यादी करा, आणि मग मागे जाऊन प्रत्येक पुरावा पहिल्यांदा कुठल्या पानावर आला ते शोधा. वहीत दोन रकाने आखा: खरोखर काय घडलं, आणि वाचकाला त्या वेळी काय सांगितलं. तिसऱ्या वाचनात फक्त एक गोष्ट बघायची. त्या पुराव्याच्या शेजारी लेखकाने काय ठेवलंय?

हे शेजारी बघणं महत्त्वाचं आहे. पुरावा बहुतेक वेळा तीन-चार क्षुल्लक वस्तूंच्या यादीत मधे ठेवलेला असतो. किंवा तो सांगून झाल्याबरोबर कुणीतरी दार वाजवतं, भांडण होतं, आणि वाचक पुढे धावतो. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोने 1844 मध्ये चोरलेल्या पत्राची कथा लिहिली. पोलीस खुर्च्यांचे पायसुद्धा तपासतात आणि पत्र मात्र सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवलेलं असतं. ती कथा एका पत्राची आहे, पण पुढच्या साऱ्या रहस्यलेखकांना तिने वाचकापासून लपवायचं कसं हेच दाखवून दिलं.

पुस्तक मिळण्याची अडचण ठाण्यात तरी कुणी सांगू नये. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून उभं आहे. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल मात्र चालवू नका. वही त्यासाठीच आहे.

पायरी २: वंशावळ काढा

पोचा गुप्तहेर द्यूपँ 1841 मध्ये आला. शेरलॉक होम्स 1887 मध्ये पहिल्या कादंबरीत अवतरला तो चक्क द्यूपँला कमी लेखतच. मला हे फार आवडतं. कॉनन डॉयलने पोकडून कितीतरी घेतलं होतं: तल्लख बुद्धीचा विक्षिप्त माणूस, त्याची गोष्ट सांगणारा साधा मित्र, गोंधळलेले पोलीस. आणि तरी नायकाच्या तोंडून त्याने पूर्वसुरीशी भांडण उकरलं. प्रेरणा घेणं म्हणजे नुसतं पाया पडणं नव्हे, हे त्यातून कळतं.

म्हणून प्रत्येक लेखकासमोर दोन शब्द लिहा: घेतलं, नाकारलं. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी 1932 मध्ये आला. मित्र गोष्ट सांगतो, ही रचना त्यांनी घेतली. पण ब्योमकेशला गुप्तहेर हा शब्दच आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. तो लग्न करतो, संसारात पडतो. एकट्या ब्रह्मचारी बुद्धिमंताची मूर्ती त्यांनी नाकारली, आणि ब्योमकेश बंगाली झाला. सत्यजित राय यांचा फेलूदा 1965 चा. तो होम्सला उघडपणे गुरू मानतो, पण त्याच्या गोष्टी मुलांच्या मासिकासाठी लिहिलेल्या, म्हणून सांगणारा आहे त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ. एवढ्या एका बदलाने सगळी भाषा बदलली.

जपानमध्ये एका लेखकाने पोच्या नावावरूनच एदोगावा रानपो हे टोपणनाव घेतलं. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने अमेरिकन लेखक एड मॅकबेनच्या पोलिसी कादंबऱ्यांचे अनुवाद केले, आणि 1965 ते 1975 या काळात स्वतःच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. मॅकबेनसारखाच त्यांनीही एका नायकाऐवजी पोलिसांचा सगळा चमू उभा केला. तो चमू मात्र त्यांनी स्वीडिश समाजाची चिकित्सा करायला वापरला.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं आमच्या काकू अजून घरातल्या माणसांसारखी घेतात. नवलेखक अर्नाळकरांना हलकं समजून सोडून देतात, ही माझ्या मते मोठी चूक आहे. त्यांची प्रकरणं संपतात कशी तेवढंच बघा. पान उलटल्याशिवाय माणूस झोपू शकत नाही. ही गती पोकडे नाही, डॉयलकडेही दर वेळी नाही.

अजून एक. विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' ही 1868 ची कादंबरी. त्यातला हिरा 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रज अधिकारी पळवतो. इंग्रजी रहस्यकादंबरीच्या पहिल्या मोठ्या पुस्तकांपैकी एक आपल्याकडून नेलेल्या वस्तूवर उभं आहे. तिथे हिरा इंग्लंडातल्या घरात येतो आणि रहस्य सुरू होतं. ज्या गावातून तो गेला तिथे त्या दिवशी काय सुरू झालं, ही गोष्ट आपल्या लेखकांसाठी अजून मोकळी पडली आहे.

पायरी ३: जुनी युक्ती सोसायटीच्या गेटवर आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी तरी दिला.

डॉयलच्या 1892 च्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत तबेल्यातून रात्री घोडा जातो आणि राखणीचा कुत्रा भुंकत नाही. म्हणजे येणारा कुत्र्याच्या ओळखीचा होता. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, तो पुरावा. आता ही युक्ती जशीच्या तशी घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत आणली तर भटका कुत्रा भुंकला नाही असं लिहाल, आणि वाचक पहिल्या पानावर ओळखेल. कारण ती कथा सगळ्यांनी वाचली आहे. मग युक्तीचा गाभा काय ते शोधा. राखणदार ओळखीच्या माणसाची दखल घेत नाही.

आपल्याकडे राखणदार कोण? वॉचमन. त्याचं भुंकणं म्हणजे काय? रजिस्टरमधली नोंद. आणि कुठलाही वॉचमन सेक्रेटरींच्या मेहुण्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहीत नाही. तपास करणारी फौजदार रजिस्टर चाळते, त्या रात्री आलेल्या अकरा जणांची चौकशी करते, आणि बाराव्याची नोंदच नसते. कुत्रा कुठेही न आणता तुम्ही डॉयलची कथा ठाण्यात आणली.

याच वाटेने आणखी पुढे जाता येतं. चेस्टरटनच्या फादर ब्राउन या गुन्हे उलगडणाऱ्या पाद्र्याची 1911 च्या संग्रहात एक कथा आहे. त्यात इमारतीत कुणीच शिरलं नाही असं सगळे शपथेवर सांगतात, कारण पोस्टमन त्यांच्या लेखी 'कुणी' नसतो. मी ती वाचली तेव्हा लगेच डिलिव्हरीवाला मुलगा डोळ्यांसमोर आला. दोन महिने त्याच्यावर घालवले आणि मग लक्षात आलं की आजच्या सोसायटीत सर्वात जास्त नोंद त्याचीच होते. गेटवर फोटो, ॲपवर परवानगी, लिफ्टमध्ये कॅमेरा. कामवाल्या बाईंचंसुद्धा येणं-जाणं नोंदलं जातं. 1911 च्या लंडनमध्ये जो दिसत नव्हता तो आज सगळ्यात जास्त दिसतो. ज्याला कुणी काही विचारत नाही तो वेगळाच आहे: तिसऱ्या मजल्यावरचे सभ्य काका, हातात दुधाची पिशवी, वीस वर्षं कमिटीवर. जुन्या कथेचा प्रश्न तसाच ठेवायचा, त्याचं उत्तर मात्र आपल्या गेटवर उभं राहून शोधायचं.

बंद खोलीचंही तसंच. सेशी योकोमिझो या जपानी लेखकाने 1946 मध्ये बंद खोलीतल्या खुनाची कादंबरी लिहिली तेव्हा पाश्चात्त्य जाड भिंतींचं कोडं त्याने कागदी सरकत्या दारांच्या लाकडी घरात मांडलं, बाहेर बर्फ पाडलं आणि रात्री कोटो या तंतुवाद्याचा आवाज ऐकवला. घर बदललं तसं कोडंही बदललं. तुमच्या घराला लॅच आहे, बाहेर सेफ्टी डोअर आहे, खिडकीला बॉक्स ग्रिल आहे, मागे ड्राय बाल्कनी आहे. लॅच ओढलं की आपोआप लागतं, म्हणजे बंद दाराला आपल्याकडे मुळात काही वजनच नाही. सेफ्टी डोअरची आतली कडी मात्र हाताने लावावी लागते. कोडं हवं असेल तर ते त्या कडीत आहे.

नौपाड्यातल्या जुन्या चाळीत तर बंद खोली चालणारच नाही. सामाईक गॅलरी, दिवसभर उघडी दारं, कुणाकडे कोण आलं ते चार घरांना ठाऊक. तिथे प्रश्न उलटा करा: सगळे बघत असताना कुणालाच कसं दिसलं नाही? मला वाटतं मराठी रहस्यकथेला बंद खोलीपेक्षा ही उघडी गॅलरी जास्त शोभेल.

पायरी ४: माणसं अडकवायची तर इथल्या पाण्यात अडकवा

ॲगाथा ख्रिस्तीची बर्फात अडकलेली ओरिएंट एक्सप्रेस 1934 ची. 1929 मध्ये ती गाडी खरोखरच तुर्कस्तानात बर्फात अडकली होती, आणि 1931 च्या डिसेंबरात स्वतः ख्रिस्ती त्याच गाडीने परतताना पुराने खोळंबल्या होत्या. म्हणजे आपल्याला जी कल्पनेची भरारी वाटते तिच्याखाली भिजलेले रूळ होते.

आपल्याकडे रूळ कमी भिजत नाहीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि माणसांनी रात्र लोकलमध्ये काढली. 27 जुलै 2019 ला कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मधे, उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. अडकलेली गाडी तुम्हाला युरोपातून आणायची गरज नाही.

पण थांबा. ख्रिस्तीच्या डब्यातल्या माणसांना मोजकी संख्या आणि निजण्याचे वेगळे कप्पे आहेत. आपल्या स्लीपरच्या डब्यात सत्तर-ऐंशी माणसं, वर कुणाचे तरी पाहुणे. तेवढ्यांवर संशय धरता येत नाही. त्यामुळे डब्यातली चौदा जणांची एक टोळी हवी जी एकमेकांना ओळखते: लग्नाला निघालेलं वऱ्हाड, भिशी मंडळ, ज्योतिबाला नवस फेडायला चाललेलं भावकीचं कुटुंब. बाकीचे प्रवासी साक्षीदार. आणि हे साक्षीदार गप्प बसणारे नसतात, पोह्यांचा डबा उघडून मत देणारे असतात. तुमचं पुस्तक तिथून मराठी होईल.

पायरी ५: तपास इथल्या कायद्याने

इंग्रजी कादंबरीत शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतात, हुशार माणूस बोलतो, गुन्हेगार कोसळून कबूल करतो, कोपऱ्यातला इन्स्पेक्टर बेड्या काढतो. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 23 मध्ये आलं आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरतात. आधी कलम 27 होतं ते हेच.

नवलेखकाला ही आडकाठी वाटते. मला ती देणगी वाटते. तुमचा शेवट आता शब्दांवर संपू शकत नाही. आरोपीने दोन पंचांसमोर निवेदन द्यायचं, पोलिसांना घेऊन जायचं, आणि येऊरच्या पायथ्याशी किंवा कळव्याच्या खाडीकाठी ती वस्तू दाखवायची. ती निघते का, याच क्षणाला तुमची कादंबरी उभी राहते किंवा बसते. आणि पंच कोर्टात फितूर झाले तर? तिथे दुसरी कादंबरी आहे.

सुरुवातही इथलीच घ्या. संशयास्पद मृत्यूची नोंद बहुतेकदा आधी 'अकस्मात मृत्यू' म्हणून होते. मग पंचनामा, शवविच्छेदन, जबाब, आणि खुनाचा गुन्हा त्यानंतर. नोंद आणि गुन्हा यांच्यामधले ते काही दिवस फार मोलाचे. घर धुतलं जातं, दहावं होतं, फ्लॅटची किल्ली कुणाकडे तरी जाते. एकटाच एक सहायक निरीक्षक किंवा महिला फौजदार अस्वस्थ असते. खाजगी गुप्तहेराला इथे घटनास्थळी पाऊल ठेवायचा अधिकार नाही. म्हणून तुमचा शोधणारा माणूस पोलीस नसेल तर त्याला आत शिरायचं कारण द्या: शेजार, नातं, सोसायटीचा हिशेब तपासणारा ऑडिटर.

पोलिसांचे शब्द ऐकून घ्या. मुद्देमाल, स्टेशन डायरी, ठाणे अंमलदार, खबरी, सीडीआर (म्हणजे फोन कॉलच्या नोंदी). पण संवादात पेरायचे तेवढेच, एरवी पान सरकारी पत्रासारखं होतं.

पायरी ६: तुमचा दवाखाना कुठला?

ख्रिस्तींनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं. विषं त्यांच्या हाताखालून गेली होती. 1920 मध्ये पहिली कादंबरी आली तेव्हा औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने त्यातल्या विषाच्या अचूकतेची वाखाणणी केली. डॉयल डॉक्टर होते, आणि होम्सचं निरीक्षण त्यांच्या एडिंबरोच्या जोसेफ बेल या शिक्षकावरून आलं. अमेरिकन रहस्यलेखक डॅशिएल हॅमेटने पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेत नोकरी केली होती. त्याच परंपरेतल्या रेमंड चँडलरने 1944 च्या निबंधात हॅमेटची बाजू घेतली ती याच मुद्द्यावर, की त्याने खून खऱ्या कारणांसाठी खून करणाऱ्या माणसांच्या हाती परत दिला.

तुम्ही काय जाणता? बँकेत आहात, तर सुप्त खात्यांची नामांकनं तुम्हाला कळतात. वागळे इस्टेटच्या कारखान्यात होता, तर कुठलं रसायन कुठल्या पिंपात असतं ते ठाऊक आहे. नवी मुंबईत वाढलात, तर सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाने सख्खे भाऊ कसे तुटतात हे तुम्ही मांडवात बसून पाहिलंय. पुनर्विकासाला निघालेली इमारत, एका भाडेकरूची अडलेली सही, वारसाच्या दाखल्यावर नसलेलं एक नाव: ठाण्यातले खून इथून निघतील. सरदारांच्या मृत्युपत्रातून निघणार नाहीत. माझ्या मते हेतू उसना आणला की पुस्तक गेलंच. युक्ती उसनी चालते, हेतू चालत नाही.

पायरी ७: उलगडा आधी लिहा

एक पान. कुणी, का, कसं, कुठल्या तीन चुका केल्या. मग त्या दिवसाचं वेळापत्रक, पंधरा-पंधरा मिनिटांचं. ठाण्याहून वाशीला जाणारी ट्रान्स-हार्बर पकडून कुणाला परत यायचं असेल तर तो प्रवास त्याच वारी, त्याच वेळी स्वतः करा. तलावपाळीहून स्टेशनपर्यंत चाला, जांभळी नाक्यावरची बाजाराची गर्दी धरून. नकाशा सात मिनिटं सांगेल, दिवाळीच्या आठवड्यात पाय वेगळं सांगतील, आणि तेवढ्या फरकात कुणाची तरी अन्यत्र असल्याची साक्ष कोसळते.

आता तीन चुकांपैकी प्रत्येक चूक उलगड्याआधी दोनदा वाचकाला दिसू द्या. रोनाल्ड नॉक्स या पाद्री लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातले काही आज टाकून द्यावेत असेच आहेत. शोधणाऱ्याला मिळालेला पुरावा वाचकालाही मिळाला पाहिजे, हा मात्र मी भिंतीवर लावून ठेवलाय.

पायरी ८: शेवटचं प्रकरण काढून ठेवून वाचायला द्या

वाचणाऱ्याला आवडलं का असं विचारू नका. कुणावर संशय आहे ते तीन ठिकाणी लिहायला सांगा: पाव भाग झाल्यावर, निम्म्यावर, शेवटच्या प्रकरणाआधी. तिन्ही वेळा एकच नाव आलं तर तुम्ही फार दाखवलंत. तिन्ही वेळा वेगळं नाव आलं आणि खरं एकदाही नाही, तर पुरावे मोजून बघा, कदाचित एखादा तुम्ही स्वतःकडेच ठेवलाय.

लोणावळ्याचा बंगला मी सोडून दिला. नव्या खर्ड्यात नौपाड्यातली चाळ आहे, वाढणाऱ्या माणसाला नाव आहे, आणि खून त्याच्या स्वयंपाकघराच्या दारातून जातो. काकूंना वही दिली, शेवटचं प्रकरण ठेवून. चौथ्या दिवशी त्यांनी वही परत दिली. खरं नाव त्यांनी निम्म्यावरच लिहिलं होतं. मी विचारलं, कशावरून? त्यांनी एक्केचाळिसावं पान उघडलं. तिथे किराणा सामानाची यादी होती आणि लगेच खाली जिन्यात भांडण सुरू होत होतं. काकू म्हणाल्या, "एवढा वेळ निवांत सांगत होतीस, आणि याच पानावर मला घाई का केलीस?"

ते पान मी सध्या परत लिहिते आहे. भांडण दोन परिच्छेद खाली नेलंय, आणि यादीनंतर कुणीतरी शांतपणे चहा टाकतं.